एमजीबीचे वर्कशॉप मॅन्युअल विकत घेताना: मूळ प्रत की पुनर्मुद्रण?

एमजीबी ही एमजी या ब्रिटिश कंपनीची गाडी १९६२ पासून १९८० पर्यंत इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत होती आणि तिच्या पाच लाखांहून अधिक प्रती रस्त्यावर आल्या. जुनी स्पोर्ट्‌स कार स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायला शिकणाऱ्याला इतकी सोयीची गाडी क्वचितच सापडेल, कारण तिचे सुटे भाग मिळतात, यंत्ररचना सरळ आहे आणि कारखान्याने आपल्या डीलरांकडच्या मेकॅनिकांसाठी लिहिलेले मॅन्युअल आजही छापून मिळते. अडचण येते ती मॅन्युअल निवडताना. शोध घेतला की जुनी बाइंडरे, नवी पुनर्मुद्रणे, हेन्स या प्रकाशकाची दुरुस्तीची पुस्तके, पेन ड्राइव्हवरच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि सुट्या भागांच्या सूची असे सगळे एकाच नावाखाली समोर येते, आणि नवख्या माणसाला त्यातले आपल्या गाडीचे कोणते हे कळत नाही. ब्रिटनमध्ये वा अमेरिकेत राहून अशी गाडी घेणाऱ्या मराठी मंडळींसाठी, आणि तिकडून पुस्तक मागवू पाहणाऱ्या पुण्या-मुंबईच्या हौशी मालकांसाठी, हा मार्ग मी क्रमाने मांडत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मॅन्युअल गाडीच्या नावासाठी लिहिलेले नसते, ते चेसिस आणि इंजिन क्रमांकांच्या एका ठरावीक पल्ल्यासाठी लिहिलेले असते. पुढच्या सर्व पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

खरेदीपूर्वी हाताशी काय असावे

- गाडीच्या चेसिस प्लेटचा आणि इंजिनवरील क्रमांकाच्या पट्टीचा स्पष्ट फोटो
- नोंदणीचे कागद. ब्रिटनमध्ये असाल तर व्ही५सी हे नोंदणीपत्र
- मिळाल्यास हेरिटेज सर्टिफिकेट (याविषयी पुढे लिहिले आहे)
- आधीच्या मालकाने काय बदलले याची बिले किंवा टिपणे
- लहान विजेरी आणि पट्टीवरची घाण पुसायला मऊ फडके

१. क्रमांक स्वतः वाचा आणि उतरवून घ्या

बॉनेट उघडल्यावर इंजिनखणात चेसिस प्लेट दिसेल. तिच्यावरची सुरुवातीची अक्षरे बरेच काही सांगतात. जीएचएन म्हणजे उघडी दोन आसनी गाडी आणि जीएचडी म्हणजे बंद टपाची जीटी. त्यापुढचा ३, ४ किंवा ५ हा अंक मालिका दाखवतो. ३ ही १९६२ पासूनची पहिली मालिका, ४ ही १९६७ च्या अखेरीस आलेली दुसरी, आणि ५ ही १९७० च्या मॉडेलपासूनची. या अक्षरांनंतर एल असेल तर गाडी डाव्या हाताच्या स्टिअरिंगची आहे, आणि पुढच्या काळातील गाड्यांवर यू असेल तर ती अमेरिकी बाजारासाठी बनलेली आहे. हा यू फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेतून ब्रिटनमध्ये परत आणलेल्या गाड्यांची संख्या मोठी असून त्यांतील अनेकांचे स्टिअरिंग नंतर उजवीकडे नेलेले असते. गाडी ब्रिटिश दिसते, पण तिचे वायरिंग आणि धूरनियंत्रणाची जोडणी अमेरिकी असते, आणि ब्रिटिश गाडीची आकृती समोर धरून तिच्यातला दोष शोधणे जवळजवळ अशक्य होते.

इंजिनचा क्रमांक ब्लॉकच्या उजव्या बाजूस एका छोट्या पट्टीवर असतो. १८जी आणि १८जीए ही तीन मुख्य बेअरिंगांची इंजिने आहेत. १९६४ च्या ऑक्टोबरपासून पाच बेअरिंगांचे १८जीबी आले आणि पुढे इतर अक्षरांमागून १९७० च्या दशकात १८व्ही आले. सर्वांची क्षमता १७९८ सीसीच असल्यामुळे वरवर पाहता फरक जाणवत नाही, पण क्रँकशाफ्ट आणि त्याची बेअरिंगे वेगळी आहेत. पट्टीवर ४८जी असे दिसले तर ते कारखान्याने पुनर्बांधणी करून विकलेले बदली इंजिन असते.

साठ वर्षांत गाडीचे इंजिन बदललेले असणे अगदी स्वाभाविक आहे, म्हणून चेसिस क्रमांकावरून इंजिनचा अंदाज बांधू नका. १९६६ च्या गाडीत १८व्ही इंजिन बसवलेले असेल तर तुम्हाला दोन्ही काळांची माहिती असलेले मॅन्युअल लागेल. गाडी मुळात कशी होती हे नक्की करायचे असेल तर इंग्लंडमधील गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येते. कारखान्याच्या नोंदवह्यांवरून ते तयार होते आणि त्यात बांधणीची तारीख, मूळ इंजिन क्रमांक, रंग आणि गाडी कोणत्या बाजारासाठी होती हे लिहिलेले असते.

२. वर्षांच्या सीमारेषा समजून घ्या

एमजीबीत बदल दर वर्षी एकदम झाले नाहीत. ते तुकड्यातुकड्यांनी होत गेले. ज्यांमुळे चुकीचे मॅन्युअल प्रत्यक्ष नुकसान करते असेच बदल इथे सांगतो.

पहिल्या मालिकेच्या गाड्यांत डायनामो असून बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. १९६७ च्या अखेरीस दुसऱ्या मालिकेबरोबर अल्टरनेटर आला आणि ऋण टोक बॉडीला गेले. जुन्या आकृतीवर विसंबून अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी उलटी जोडली तर त्यातले डायोड तत्काळ जळतात. त्याच वेळी गिअरबॉक्सही बदलला, पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर खडखडाटाशिवाय बदलू देणारी रचना) मिळाला, आणि ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी जोडयंत्रणा) डी प्रकाराऐवजी एलएच प्रकारचा झाला. या दोन ओव्हरड्राइव्हांची दुरुस्ती अगदी वेगळी आहे.

मागच्या ॲक्सलची गोष्ट याहून चकवणारी आहे. १९६५ मध्ये जीटी आली ती सुरुवातीपासून नळीच्या बांधणीचा नवा ॲक्सल घेऊन आली, तर उघड्या गाडीत जुना बॅन्जो ॲक्सल १९६७ पर्यंत चालू राहिला. म्हणजे एकाच वर्षाच्या दोन एमजीबींत दोन वेगळे ॲक्सल असू शकतात. नुसते वर्ष सांगून मॅन्युअल मागणे पुरेसे नाही, असे मी आग्रहाने म्हणतो ते यामुळे.

१९७४ च्या उत्तरार्धात रबरी बंपर आले, गाडीची उंची वाढली आणि आसनांमागच्या दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या जागी एकच बारा व्होल्टची आली. अमेरिकी गाड्यांना १९७५ पासून दोन एसयू कार्ब्युरेटरांऐवजी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग मिळाला.

दिसायला सारख्या असणाऱ्या दोन गाड्या मात्र पूर्ण बाजूला ठेवा. १९६७ ते १९६९ मधील एमजीसीला २९१२ सीसीचे सहा सिलिंडरांचे इंजिन आणि टॉर्शन बारवर (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यावर) आधारलेले पुढचे सस्पेन्शन होते. तिचे मॅन्युअल स्वतंत्र आहे. १९७३ ते १९७६ मधील जीटी व्ही८ मध्ये रोव्हरचे ३५२८ सीसीचे इंजिन होते, आणि तिला मुख्य मॅन्युअलखेरीज व्ही८ ची वेगळी पुरवणी लागतेच.

३. कोणते पुस्तक कोणत्या कामाचे

कारखान्याचे वर्कशॉप मॅन्युअल हे मूळ पुस्तक. त्याचा प्रकाशन क्रमांक एकेडी ३२५९ आहे, आणि तो लक्षात ठेवला तर शोध बराच सोपा होतो. त्यातले विभाग इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात. ए म्हणजे इंजिन, एफ म्हणजे गिअरबॉक्स, एन म्हणजे विद्युत यंत्रणा. नंतरच्या गाड्यांसाठी जी नवी पाने निघाली, त्यांत मुख्य अक्षरापुढे लहान अक्षर जोडलेले असते. विक्रेत्याने अनुक्रमणिकेचा फोटो दिला की ही लहान अक्षरे आहेत की नाहीत यावरून ती प्रत कुठपर्यंतच्या गाड्यांसाठी आहे हे ताडता येते. हे मॅन्युअल प्रशिक्षित मेकॅनिकसाठी लिहिलेले असल्यामुळे भाषा आटोपशीर आहे, आणि अनेक ठिकाणी ‘अमुक क्रमांकाचे हत्यार वापरा’ एवढेच म्हटलेले असते. त्या खास हत्यारांचे क्रमांकही १८जीनेच सुरू होतात, उदाहरणार्थ व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबण्याचे १८जी ४५. नवख्या वाचकाने त्यांना इंजिन क्रमांक समजू नये.

सुट्या भागांची सूची हे दुसरे पुस्तक, आणि माझ्या मते नवशिक्याच्या खरेदीत सर्वांत दुर्लक्षित राहणारे पुस्तक हेच. सप्टेंबर १९७६ पर्यंतच्या गाड्यांची सूची एकेएम ००३९ या क्रमांकाची आणि त्यानंतरची एकेएम ००३७ या क्रमांकाची आहे. तिच्यात प्रत्येक जोडणी उलगडून दाखवणाऱ्या आकृत्या असतात. कोणता वॉशर कोणत्या स्प्रिंगआधी बसतो हे वर्कशॉप मॅन्युअलच्या चार ओळींत सापडले नाही तर इथल्या एका आकृतीत दिसते. शिवाय कोणत्या चेसिस किंवा इंजिन क्रमांकापासून भाग बदलला हेही तिथे नोंदलेले असते. म्हणून पहिल्या पायरीतील टिपण सूचीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

हेन्सचे पुस्तक तिसरे. जॉन हेन्स यांनी १९६० मध्ये कंपनी स्थापन केली आणि त्यांचे पहिले वर्कशॉप मॅन्युअल १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइटसाठी निघाले. प्रत्यक्ष गाडी खोलून, पुन्हा जोडून, त्या कामाचे फोटो घेऊन पुस्तक बनवायचे ही त्यांची रीत. त्यामुळे घरी काम करणाऱ्याला खास हत्यार नसताना काय करावे हे ते सांगते, आणि गंजलेला बोल्ट, चिखलाने भरलेला भाग असे प्रत्यक्षातले रूप त्यात दिसते. मात्र १९६२ ते १९८० चा सगळा पल्ला एका पुस्तकात बसवल्यामुळे वर्षागणिक बारकावे त्यात कमी आहेत. कारखान्याच्या मॅन्युअलच्या जोडीला ते उत्तम आहे, पण त्याच्या जागी ठेवू नये.

चौथे ड्रायव्हर्स हँडबुक. बल्ब, फ्यूज, तेलाचे प्रमाण, टायरमधील हवा यासाठी रोज हाताशी लागणारे पातळ पुस्तक.

४. मूळ प्रत घ्यावी की पुनर्मुद्रण?

गाडी दुरुस्त करायची असेल तर पुनर्मुद्रण घ्या, हे माझे स्पष्ट मत आहे. मूळ प्रतीला एक विशेष मोल आहे, आणि ते मी कमी लेखत नाही. तिच्यातले फोटो स्वच्छ असतात, कागद जाड असतो, आणि बाइंडरमधली प्रत टेबलावर सपाट उघडी राहते. पण याच बाइंडरमुळे तिची मोठी जोखीमही येते. कारखाना सुधारित पाने पाठवी आणि गॅरेजमधला माणूस जुनी काढून नवी घाली. काही गॅरेजांत हे काम नीट झाले, काहींत झालेच नाही, आणि काही प्रतींतून नेमकी वापरातली पाने, म्हणजे कार्ब्युरेटर आणि वायरिंगची, बाहेर काढल्यावर परत आलीच नाहीत. म्हणून मूळ प्रत संपूर्ण आहे असे विक्रेत्याने सांगितले, तरी ती तपासल्याशिवाय मानू नका.

अधिकृत पुनर्मुद्रणात मूळ मॅन्युअल पुरवण्यांसह एकत्र बांधलेले असते. इंग्लंडच्या ब्रुकलँड्‌स बुक्सने कारखान्याची अशी अनेक मॅन्युअले परवान्याने छापली आहेत. अमेरिकेच्या रॉबर्ट बेंटली यांच्या खंडात १९६२ ते १९७४ च्या गाड्यांचे हँडबुक, वर्कशॉप मॅन्युअल आणि स्पेशल ट्यूनिंगची पुस्तिका एकत्र आहेत, आणि १९७५ ते १९८० साठी वेगळा खंड आहे. अमेरिकी गाडी असेल तर मी बेंटलीपासून सुरुवात करायला सांगेन.

पुनर्मुद्रणातही प्रत पाहूनच घ्यावी. मूळ फोटो बारीक ठिपक्यांनी छापलेले होते. त्यांचे पुन्हा स्कॅन करून छपाई केली की काळपट डाग पडतात आणि ब्रेकच्या कॅलिपरचा फोटो नुसता काळा चौकोन होतो. मोठ्या घडीची वायरिंगची आकृती लहान पानावर आणल्यावर तिच्यातले क्रमांक वाचता येत नाहीत. चांगल्या पुनर्मुद्रणांत याची काळजी घेतलेली असते. विनापरवाना काढलेल्या प्रतींत ती नसते. पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर प्रकाशकाचे नाव, हक्कांची नोंद, मूळ प्रकाशन क्रमांक आणि आयएसबीएन असावेत. ब्रिटिश मोटर हेरिटेजच्या परवानगीचा उल्लेख असेल तर अधिकच चांगले.

पेन ड्राइव्हवर किंवा डाउनलोड म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या बहुतेक प्रती परवान्याशिवाय केलेल्या असतात, आणि त्यांत तिरकी, कापलेली, मधूनच गळलेली पाने आढळतात. प्रकाशकाने स्वतः काढलेली डिजिटल प्रत मिळत असेल तर ती अवश्य घ्या, कारण पडद्यावर वायरिंगची आकृती मोठी करून पाहता येते.

५. पैसे देण्याआधी विक्रेत्याला काय विचारावे

जुन्या प्रतीसाठी खालील फोटो मागा. प्रामाणिक विक्रेता ते आनंदाने देतो.

- मुखपृष्ठ आणि प्रकाशन क्रमांक असलेले पान
- संपूर्ण अनुक्रमणिका
- तुमच्या इंजिनाचा अक्षरगट ज्यात आहे ते सामान्य माहितीचे पान
- वायरिंगच्या आकृत्यांच्या यादीचे पान आणि तुमच्या वर्षाची आकृती
- बाइंडरच्या कड्या आणि पानांच्या भोकांजवळचा भाग

वायरिंगच्या आकृत्या मॅन्युअलमध्ये एक-दोन नसून बऱ्याच असतात, आणि प्रत्येकीवर ती कोणत्या गाड्यांना लागू आहे हे लिहिलेले असते. तुमच्या गाडीची आकृती तिथे नसेल तर बाकी प्रत कितीही सुंदर असली तरी दुसरी शोधा.

वर्णनातल्या शब्दांकडेही लक्ष द्या. ‘सर्व एमजीबींसाठी’ असे म्हटले असेल तर ते बहुधा हेन्ससारखे सर्वसमावेशक पुस्तक असते. ‘मूळ’ आणि ‘मूळ मॅन्युअलचे पुनर्मुद्रण’ हे दोन्ही कधी कधी जवळजवळ सारख्या शब्दांत लिहिलेले असतात, त्यामुळे छपाईचे वर्ष सरळ विचारा. शोधताना नुसते ‘एमजी’ लिहिले तर आजच्या एमजी गाड्यांची, म्हणजे भारतात रस्तोरस्ती दिसणाऱ्या हेक्टरसारख्या गाड्यांचीही पुस्तके पुढे येतील. एमजीबी हा शब्द आणि प्रकाशन क्रमांक दोन्ही लिहा.

६. कोठे घ्यावे

नव्या पुनर्मुद्रणासाठी एमजीचे सुटे भाग विकणारी दुकाने, प्रकाशक आणि क्लब ही सरळ ठिकाणे. एमजी कार क्लब १९३० पासून आहे आणि त्याचे कार्यालय ॲबिंग्डनलाच आहे. एमजी ओनर्स क्लब १९७३ मध्ये सुरू झाला. सभासद झालात तर पुस्तकापेक्षा मोलाची गोष्ट मिळते, ती म्हणजे तुमच्यासारखीच गाडी खोललेला अनुभवी माणूस.

जुन्या प्रतीसाठी मी प्रत्यक्ष बाजाराला पसंती देतो. हॅम्पशायरमधील ब्यूली येथे राष्ट्रीय मोटर संग्रहालयाच्या आवारात सप्टेंबरमध्ये भरणारा ऑटोजंबल (गाड्यांच्या जुन्या सामानाचा बाजार), आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे ऑक्टोबरमध्ये भरणारा मेळावा, या दोन्ही ठिकाणी जुन्या गाड्यांच्या छापील साहित्याचे विक्रेते येतात. तिथे बाइंडर हातात घेऊन पान अन् पान उलटता येते. सकाळी लवकर जा, आणि आपले क्रमांकांचे टिपण खिशात ठेवा. ब्रिटनमध्ये छापील पुस्तकांवर व्हॅटचा दर शून्य आहे, त्यामुळे नव्या पुस्तकाच्या बिलात तो लावलेला दिसला तर दुकानदाराला विचारा. अमेरिकेत देशांतर्गत पाठवणीसाठी पोस्टाचा मीडिया मेल हा पुस्तकांसाठीचा स्वस्त दर आहे. विक्रेत्याला तो वापरायला सांगा.

७. भारतात मागवताना

भरलेले बाइंडर वजनदार असते आणि आंतरराष्ट्रीय टपालखर्च अनेकदा पुस्तकाच्या किमतीच्या बरोबरीला जातो. त्यामुळे भारतासाठी पुनर्मुद्रणच सोयीचे. २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आयात छापील पुस्तकांवर ५ टक्के मूळ सीमाशुल्क लावण्यात आले. ऑर्डर देण्याआधी सध्याचा दर आणि कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क दोन्ही पाहून घ्या. पार्सलवरील घोषणेत ‘छापील पुस्तक’ असेच लिहायला सांगा आणि पुस्तक सुट्या भागांच्या पेटीत घालू देऊ नका, कारण एकत्र पार्सलमध्ये पुस्तकाची वेगळी नोंद राहत नाही आणि सोडवणुकीला वेळ लागतो. ब्रिटनहून किंवा अमेरिकेहून सुट्टीला येणारा नातेवाईक असेल तर त्याच्या सामानातून पुस्तक आणणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे.

८. पुस्तक हाती आल्यावर

परत करण्याची मुदत संपण्याआधी प्रत्येक विभागाची पाने क्रमाने मोजा. कारखान्याच्या मॅन्युअलमध्ये पानांना विभागाचे अक्षर आणि अंक असे क्रमांक असतात, त्यामुळे गळलेले पान लगेच कळते. नंतर आपल्या गाडीची वायरिंगची आकृती काढून तिच्यातील रंगांची अक्षरे वाचता येतात का पाहा. इथे काळ्यासाठी बी, निळ्यासाठी यू आणि तपकिरीसाठी एन वापरतात. बॅटरीतून थेट येणारी तार तपकिरी, इग्निशन चालू केल्यावर प्रवाह मिळणारी पांढरी, तिथून फ्यूजमधून पुढे जाणारी हिरवी आणि बॉडीला जोडलेली काळी असते.

मोजमापांचीही एकदा ओळख करून घ्या. सुरुवातीच्या पाच बेअरिंगांच्या इंजिनात सिलिंडर हेडच्या नटांसाठी दिलेला ५० पाउंड-फूट हा टॉर्क म्हणजे साधारण ६८ न्यूटन-मीटर. तुमचा टॉर्क रेंच न्यूटन-मीटरचा असेल तर लागणारे आकडे आधीच रूपांतरित करून समासात पेन्सिलने लिहा. तेलाच्या मापात ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा आणि अमेरिकी पाइंट ४७३ मिलिलिटरचा असतो. मॅन्युअलमध्ये दोन्ही दिलेले असतात, म्हणून घाईत शेजारचा आकडा वाचला जाणार नाही इकडे लक्ष द्या.

ज्या कामाला हात घालायचा त्याच पानांच्या छायाप्रती काढून त्या गाडीजवळ न्या. पुनर्मुद्रणाची चिकट बांधणी सपाट उघडत नाही, आणि जोर देऊन उघडली तर पाने सुटतात. छायाप्रतीवर तेलाचे हात लागले, टिपा लिहिल्या, बाण काढले तरी हरकत नाही. काम संपल्यावर तारीख आणि बदललेल्या भागांचे क्रमांक त्यावर लिहून ती फाइलला लावा. पुढे गाडी दुसऱ्याच्या हाती गेली तर खरेदीपूर्वीच्या यादीत सांगितलेली टिपणे त्या मालकाला या फाइलमध्ये तयार मिळतील.